दोन अक्षरांचा फरक : एका विरळ फ्रेंच आडनावाची कुळकथा

महादजी शिंद्यांच्या उत्तर हिंदुस्थानातील कारभाराविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी इतिहासकाराला एका परक्या नावापाशी थांबावेच लागते. कोणी ते 'डिबॉइन' असे लिहितो, कोणी 'डी बॉयन', तर मूळ उच्चाराच्या जवळ जाऊ पाहणारा एखादा लेखक 'द ब्वान्य' असे लिहितो. पाटण आणि मेडता येथील 1790 सालच्या लढाया, 1793 ची लाखेरीची लढाई, कवायती पलटणींचे 'कंपू' आणि अलीगढचे ठाणे या सगळ्यांशी हे नाव कायमचे जोडलेले आहे. त्याच्या लष्करी कर्तृत्वाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखाचा विषय मात्र ते कर्तृत्व नसून ते नाव आहे. कारण ज्या माणसाला आपण 'डिबॉइन' म्हणून ओळखतो, तो या नावाने जन्मलाच नव्हता. आज फ्रान्समध्ये विरळ समजले जाणारे हे आडनाव त्याच्या घराण्यात त्याच्यापासूनच सुरू झाले.

8 मार्च 1751 रोजी सॅव्हॉय प्रांताची राजधानी असलेल्या शांबेरी या गावी त्याचा जन्म झाला. वडील कातडी आणि फर यांचे व्यापारी. मुलाचे नाव बन्वा आणि कुळाचे नाव लबॉर्न्य. रोमन लिपीत ही दोन आडनावे, 'लबॉर्न्य' आणि 'द ब्वान्य', एकाखाली एक लिहून पाहिली तर एक गंमत ध्यानात येते. मधली मोकळी जागा सोडली तर दोन्हींत आठ-आठ अक्षरे आहेत आणि आठांपैकी सहा तीच आहेत. पहिल्या 'एल'च्या जागी 'डी' आला आणि मधल्या 'आर'च्या जागी 'आय'. एवढ्या फरकाने एका व्यापाऱ्याचा मुलगा, निदान कानाला तरी, एखाद्या जहागिरीचा धनी वाटू लागला.

ही दोन अक्षरे बदलण्याची गरज का भासावी, हे समजण्यासाठी आधी मूळ नावाकडे पाहिले पाहिजे.

एकाक्षाचे कूळ

फ्रेंच आडनावांच्या अभ्यासकांनी, विशेषतः 1951 साली आडनावांचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध करणाऱ्या आल्बेर दोझा यांच्यासारख्यांनी, ही नावे स्थूलमानाने चार गटांत विभागली आहेत : पूर्वजाच्या व्यक्तिनामावरून आलेली, स्थळावरून आलेली, धंद्यावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. 'लबॉर्न्य' हे चौथ्या गटातले. 'बॉर्न्य' म्हणजे एका डोळ्याचा, जुन्या भाषेत तिरळाही, आणि 'ल' हे आपल्याकडे नसलेले निश्चयवाचक उपपद. म्हणजे 'तो एकाक्ष' किंवा बोलीत 'तो काणा'. मध्ययुगात एकाच गावात पाच-सात 'झाँ' आणि तितकेच 'पिएर' असत. त्यांतला नेमका कोणता, हे सांगताना लोक अंगावरची ठळक खूण पकडत. उंच, बुटका, काळा, लाल केसांचा, लंगडा, एकाक्ष. ही हाक पहिल्या पिढीत खरी असे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ती वारसा बनली आणि दोन्ही डोळे धड असलेले नातू-पणतूही 'तो एकाक्ष' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. टोपणनाव हे आडनाव होते ते त्याचा अर्थ मेल्यावर, असे म्हणता येईल.

पण अर्थ खरोखर मरतो का? 'बॉर्न्य' हा शब्द बोलीतून नाहीसा झाला नाही, हेच या नावाचे दुर्दैव. उलट त्याला आणखी वाईट छटा येत गेल्या. फ्रेंचमध्ये 'बॉर्न्य' खानावळ किंवा 'बॉर्न्य' हॉटेल म्हणजे काळे धंदे चालणारी, बदनाम जागा. ज्याचा अर्थ भाषेत झिजून गेला आहे असे आडनाव निर्वेधपणे मिरवता येते. रोजच्या बोलण्यातला शब्द ज्यात जिवंत आहे ते आडनाव मात्र प्रत्येक ओळखीच्या वेळी पुन्हा नव्याने ऐकू येते.

दुसरी गोष्ट अशी की एका डोळ्याची माणसे एकाच गावात जन्माला येत नाहीत. देवी, शेतातले अपघात, लढाया यांनी डोळे गमावलेली माणसे सर्वत्र होती. त्यामुळे हे आडनाव एका मूळ पुरुषापासून पसरलेले नाही. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक ठिकाणी ते स्वतंत्रपणे उगवले. उत्तरेत ते जोडून 'लबॉर्न्य' असे लिहिले गेले. ब्रिटनी प्रांतात उपपद वेगळे ठेवण्याची रीत असल्याने तेथे ते 'ल बॉर्न्य' झाले आणि आजही त्या प्रांतातले ते एक परिचित आडनाव आहे. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या शांबेरीतले लबॉर्न्य आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे ल बॉर्न्य यांना एकत्र आणणारे रक्त नाही, केवळ एक शारीरिक उणीव आहे.

कागदावर गोठलेली नावे

ही नावे लवचीक होती तोवर ती बदलणे सोपे होते. सतराव्या शतकात झाँ-बातिस्त पोक्लँ हा 'मोलिएर' झाला आणि अठराव्या शतकात फ्रान्स्वा-मारी आरुए हा 'व्होल्तेर' झाला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. तरीही राज्यसंस्था हळूहळू नावावर आपला शिक्का उमटवू लागली होती. 1539 साली पहिल्या फ्रान्स्वा राजाने काढलेल्या व्हिलेर-कॉतरेच्या फर्मानाने पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले. साहित्याच्या इतिहासात हे फर्मान लॅटिनऐवजी फ्रेंचला न्यायव्यवहाराची भाषा केल्याबद्दल सांगितले जाते, पण आडनावांच्या इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे. नाव एकदा वहीत उतरले की ते पुढच्या पिढीच्या वहीशी ताडून पाहता येते.

राज्यक्रांतीने ही प्रक्रिया पूर्णत्वास नेली. सुरुवातीच्या उत्साहात नागरिकांना हवे ते नाव घेण्याची मोकळीक मिळाली होती. मात्र लवकरच गोंधळ उडाला आणि 23 ऑगस्ट 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरे कोणतेही नाव धारण करण्यास मनाई झाली. पुढे 1 एप्रिल 1803 च्या कायद्याने नावबदलाला वाट ठेवली, पण ती सरकारदरबारी अर्ज करून, कारण दाखवून.

येथे तारखांचा एक विलक्षण योग जुळून येतो. सॅव्हॉय हा प्रांत मुळात फ्रान्सचा नव्हे, तर सार्डिनियाच्या राजाचा. पण 1792 च्या अखेरीस क्रांतिकारी फ्रान्सने तो जोडून घेतला होता आणि शांबेरी हे फ्रेंच 'मों-ब्लाँ' जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले होते. 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे निधन झाले आणि त्यांच्या उत्तरेतल्या कवायती फौजेची सारी सूत्रे द ब्वान्यच्या हाती राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये तो कायदा झाला. म्हणजे दोआबात ज्याच्या सहीवर पगार निघत होते, किल्ले उघडत होते, त्या माणसाला त्याच्या जन्मगावी ती सही करण्याचा अधिकार कायद्याने उरला नव्हता. तेथे तो अजूनही 'एकाक्ष' कुळातलाच होता.

नवे नाव आणि परकी सेना

नाव बदलायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे परक्यांची फौज. 1768 मध्ये बन्वा हा फ्रान्सच्या सेवेतील आयरिश पलटणीत दाखल झाला. तेथून तो रशियाच्या नोकरीत गेला आणि 1774 मध्ये तुर्कांच्या कैदेत सापडला. सुटका झाल्यावर पूर्वेची वाट धरून 1778 मध्ये तो मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत आला. सॅव्हॉयचा माणूस, आयरिश पलटण, रशियन झेंडा, इंग्रज कंपनी. या प्रवासात कोणाजवळही त्याच्या बाप्तिस्म्याची वही नव्हती. जो जसे नाव सांगेल तसे ते लिहिले जाई. 1784 मध्ये महादजींनी त्याला दोन पलटणी उभारण्याचे काम दिले तेव्हा त्यांच्यापुढे उभा होता तो 'द ब्वान्य'च.

या नावातला 'द' बारकाईने पाहण्यासारखा आहे. फ्रेंचमध्ये 'द' म्हणजे 'चा' किंवा 'येथील'. आपल्या आडनावांतला 'कर' करतो तेच काम तो करतो. कायद्याच्या दृष्टीने हा 'द' कुलीनतेचा पुरावा कधीच नव्हता. कित्येक शेतकऱ्यांच्या नावांत तो होता आणि कित्येक सरदारांच्या नावांत नव्हता. पण लोकसमजूत वेगळी होती. 'द' म्हटले की मागे एखादे गाव, गावात गढी आणि गढीत पूर्वजांच्या तसबिरी असणार, असे ऐकणाऱ्याला वाटे. 'ल' माणसाच्या अंगावर बोट ठेवतो, तर 'द' त्याच्या पायाखाली जमीन घालतो. लबॉर्न्यचा द ब्वान्य होताना देहाची खूण पुसली गेली आणि तिच्या जागी एक कल्पित भूमी आली.

शिंद्यांच्या छावणीत असे करणारा तो एकटा नव्हता. त्याच्यानंतर ज्याच्याकडे या फौजेचे सरसेनापतिपद गेले आणि जो 1803 मध्ये इंग्रजांना शरण गेला, तो 'पेरों' हाही जन्माने पिएर क्विलिए होता. 'पेरों' हे 'पिएर'चेच लाडिक रूप. म्हणजे शिंद्यांच्या कवायती फौजेच्या या दोन्ही नामवंत सेनापतींनी आपापले आडनाव वाटेत कोठेतरी टाकून दिले होते. पुढे मात्र दोन नावांची नियती वेगळी झाली. 'पेरों' हे फ्रान्समध्ये आधीच अनेकांचे आडनाव होते. त्यामुळे त्या नावाच्या गर्दीतून शिंद्यांचा सेनापती वेगळा काढता येत नाही. 'द ब्वान्य' हे नाव मात्र विरळ होते. ज्याने ते घेतले त्याच्याशीच ते चिकटून राहिले.

कॉन्टेसची लेखणी

1795 च्या अखेरीस द ब्वान्यने शिंद्यांची सेवा सोडली आणि मोठी संपत्ती घेऊन 1797 मध्ये तो इंग्लंडला पोहोचला. 1798 मध्ये लंडनमध्ये त्याने आदेल दॉसमों या सतरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. तो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. आदेल व्हर्सायच्या दरबारात वाढलेली, क्रांतीमुळे देशोधडीला लागलेल्या जुन्या सरदार घराण्यातली. तिच्या आईवडिलांना आधार हवा होता. त्याला हवे होते ते बहुधा तेच, जे केवळ 'द' अक्षराने मिळत नाही. हा विवाह सुखाचा झाला नाही आणि दोघे लवकरच वेगळे राहू लागले.

आदेलने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या तिच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, 1907 पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत तिने पतीविषयी जी तक्रार केली आहे, तीत नावाचा प्रश्न आहेच : त्याने आपले कूळ, पूर्वायुष्य आणि खरे आडनावदेखील आपल्यापासून लपवले, असे ती सांगते. ज्या समाजात घराणे म्हणजेच माणूस, त्या समाजातल्या स्त्रीच्या दृष्टीने ही फसवणूक पैशाच्या फसवणुकीपेक्षा मोठी होती. पण नियतीचा खेळ असा की जे नाव तिला बनावट वाटले, त्याच नावाने ती फ्रेंच साहित्यात अमर झाली. 'कॉन्टेस द ब्वान्य यांच्या आठवणी' हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच समाजचित्रणाचे एक मान्यवर साधन ठरले. मार्सेल प्रूस्तने 1907 मध्ये 'ल फिगारो'त या आठवणींच्या वाचनानिमित्त लेख लिहिला आणि पुढे आपल्या महाकादंबरीत निवेदकाच्या आजीला प्रिय असलेल्या मादाम द बोसेर्जाँच्या आठवणी घडवताना कॉन्टेसचाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला. नावांच्या नादातून अख्खी गावे आणि घराणी उभी करणाऱ्या या लेखकाच्या हाती आलेले हे नाव, आपल्या कंपूंच्या सेनापतीने दोन अक्षरे बदलून तयार केलेले होते, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे.

1816 मध्ये सार्डिनियाच्या राजाने बन्वाला काउंट हा किताब दिला. परदेशी सैन्यात वापरलेल्या नावाला आता राजमान्यता मिळाली. आदेलला मात्र मूल नव्हते. कॉन्टेसने नाव गाजवले, पण ते पुढे नेले नाही.

जिला ते नाव मिळाले नाही

ते पुढे कोणी नेले? याचे उत्तर शोधताना आपल्याला लंडन आणि शांबेरी सोडून पुन्हा हिंदुस्थानात यावे लागते. द ब्वान्य इंग्लंडला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर एक स्त्री आणि दोन मुले होती. तिचे नाव हलीमा. नूर बेगम असाही तिचा उल्लेख येतो. हा संबंध मुसलमानी रीतीने झालेल्या विवाहाचा होता, असे चरित्रकार सांगतात. मुलीचे नाव बानू आणि मुलाचे अली बख्श. इंग्लंडमध्ये ही नावे बदलली. बानूची 'अ‍ॅन' झाली आणि ती तरुण वयातच वारली. अली बख्श हा 'शार्ल-आलेक्सांद्र' झाला. हलीमाची झाली 'हेलेना बेनेट'.

'बेनेट' हे नाव सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. ते 'बन्वा' या फ्रेंच व्यक्तिनामाचेच इंग्रजी भावंड. दोघांचे मूळ लॅटिन 'बेनेडिक्टुस', म्हणजे 'ज्याला आशीर्वाद मिळाला आहे तो'. म्हणजे तिला जोडीदाराचे आडनाव मिळाले नाही, त्याचे पाळण्यातले नाव तिचे आडनाव झाले. आदेलशी विवाह झाल्यानंतर द ब्वान्य या नावाची धनीण एकच असू शकत होती. हेलेना बेनेट ससेक्समध्ये, हॉर्शम गावाच्या आसपास, दीर्घकाळ राहिली आणि 1853 मध्ये वारली. त्याच वर्षी तिचा मुलगाही निवर्तला.

हा मुलगा, शार्ल-आलेक्सांद्र द ब्वान्य, बापाचा वारस झाला. 1816 मध्ये सॅव्हॉयमधील एका प्रतिष्ठित घराण्यात त्याचे लग्न झाले आणि त्याला बरीच मुले झाली. त्यांपैकी एर्नेस्त द ब्वान्य हा, 1860 मध्ये सॅव्हॉय कायमचे फ्रान्समध्ये सामील झाल्यावर, त्या प्रांताचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसच्या विधिमंडळात बसला. शांबेरीच्या काउंट घराण्यातला हा नातू आजीच्या बाजूने हिंदुस्थानचा होता. पण त्याच्या नावात ती बाजू दिसत नाही. आडनाव ही एका बाजूनेच लिहिलेली वंशावळ असते. जिच्यामुळे वंश चालला तिची त्यात नोंद नाही, जिची नोंद आहे तिच्यामुळे वंश चालला नाही.

विरळपणाचे गणित

फ्रान्समध्ये आडनावांची मोजदाद इन्से ही राष्ट्रीय सांख्यिकी संस्था जन्मनोंदींवरून करते. 1891 पासून शंभर वर्षांच्या जन्मांवर आधारलेल्या या संग्रहात सुमारे तेरा लाख निरनिराळी आडनावे आढळतात, असे सांगितले जाते. 'मार्तँ' हे त्यांत सर्वांत वर. हा आकडा वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. यंत्राला अक्षर कळते, अर्थ कळत नाही. म्हणून 'लबॉर्न्य' आणि 'ल बॉर्न्य' ही त्याच्या लेखी दोन वेगळी नावे आहेत, मधली मोकळी जागा तेवढी कारण. शिवाय ही नोंदवही बऱ्याच उशिरा तयार झाल्याने सुरुवातीच्या दशकांत जन्मून लवकर मेलेली माणसे तीत पुरेशी उतरलेली नाहीत. पहिल्या महायुद्धात पडलेली तरुण पिढी हे त्याचे मोठे उदाहरण. आणि अत्यंत थोड्या लोकांची जी नावे, ती प्रसिद्ध यादीत स्वतंत्रपणे न देता 'इतर नावे' या एका खात्यात टाकली जातात. दुर्मिळ आडनावांच्या अभ्यासकाची वाट नेमकी या खात्यापाशी अडते. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये हा त्यामागचा हेतू योग्यच आहे.

तरीही विरळपणा केवळ योगायोग नसतो. त्याचे गणित आहे, आणि तेही फ्रान्समध्येच प्रथम मांडले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच सरदार घराणी का नष्ट होतात, या प्रश्नाची तेथे चर्चा सुरू होती. 1845 मध्ये इरेने-झ्यूल ब्यानेमे या गणितज्ञाने दाखवले की प्रत्येक पुरुषामागे पुढे नाव चालवणाऱ्या मुलांची सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल, तर ते नाव केव्हातरी नष्ट होणारच. सरासरी एकाहून अधिक असली तरी नष्ट होण्याची काही शक्यता उरतेच. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1874 मध्ये हाच प्रश्न हाताळला आणि बराच काळ श्रेय त्यांनाच मिळत राहिले. या सिद्धान्ताचे विस्मृत फ्रेंच नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उजेडात आले. 'ब्यानेमे' म्हणजे 'प्रिय जन'. नावांच्या मरणाचे गणित सांगणाऱ्याचे हे आडनाव असावे, हाही एक योगायोग.

या गणितात सुरुवात कितीजणांपासून झाली याला मोठे महत्त्व आहे. शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेले 'लबॉर्न्य' सहजासहजी नष्ट होत नाही; दहा शाखा सुकल्या तरी नव्वद उरतात. एका पुरुषापासून सुरू झालेले घराण्याचे नाव मात्र प्रत्येक पिढीत एका धाग्यावर लोंबत असते. बन्वाच्या पुढच्या पिढीत हा धागा एकच होता, अली बख्श. तो वाटेत एखाद्या तापाने दगावला असता, तर शांबेरीच्या द ब्वान्य घराण्याचे नाव शिंद्यांच्या इतिहासात आणि एका स्त्रीच्या आठवणींच्या मुखपृष्ठावर तेवढे उरले असते.

मोठ्या संख्येचे नाव सुरक्षित असते, पण त्यातली माणसे सुरक्षित असतातच असे नाही. 1861 मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी ज्या रोग्यावरून मेंदूतील वाणीचे स्थान दाखवून दिले, त्याला जग 'ताँ' म्हणून ओळखते, कारण तो 'ताँ' एवढाच उच्चार करू शकत असे. त्याचे आडनाव होते लबॉर्न्य. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शतकाहून अधिक काळ तो 'ताँ'च राहिला. त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्टोर आणि 1809 सालचा मोरे गावातला जन्म हे तपशील संशोधकांनी अलीकडे, 2013 मध्ये पुढे आणले. एका लबॉर्न्यने आपले नाव स्वतः टाकले आणि पुतळा मिळवला. दुसऱ्याचे नाव त्याच्या हातून निसटले आणि त्याचा मेंदू तेवढा संग्रहालयात जपला गेला.

नाव वाचवण्याचे कायदे

नाव मरू नये अशी इच्छा फ्रेंच कायद्यानेही वेळोवेळी मान्य केली आहे. महायुद्धात निपुत्रिक मेलेल्या सैनिकांची आडनावे नातेवाइकांनी पुढे चालवावीत, यासाठी 2 जुलै 1923 चा कायदा झाला. 1993 च्या सुधारणेने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या नात्यातले नाव लोप पावत असेल तर ते धारण करण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. 2002 मध्ये मंजूर होऊन 2005 पासून अमलात आलेल्या कायद्याने त्याहून मूलगामी बदल केला : अपत्याला आईचे, बापाचे किंवा दोघांचे आडनाव देण्याची मुभा मिळाली, आणि कायद्याच्या भाषेतला 'पितृनाम' हा शब्द जाऊन 'कुटुंबनाम' हा शब्द आला. 1 जुलै 2022 पासून तर सज्ञान व्यक्तीला आयुष्यात एकदा, साध्या अर्जावर, आईचे किंवा बापाचे आडनाव घेता येते.

हे सर्व बदल स्वागतार्ह आहेत. पण हलीमेच्या कथेशी ते ताडून पाहिले तर त्यांची मर्यादाही दिसते. अली बख्शला हा कायदा उपलब्ध असता तरी त्याने आईचे कोणते आडनाव घेतले असते? ती ज्या समाजातून आली त्यात आडनाव या अर्थाचे काही नव्हते. इंग्लंडमध्ये तिच्या कागदावर जे आले ते तिच्या जोडीदाराच्या व्यक्तिनामाचेच रूपांतर. आईचे म्हणून जे नाव घ्यावे तेही फिरून बापाचेच निघाले असते. कायदा नोंदवहीत असलेले नाव वाचवू शकतो. नोंदवहीत कधी आलेच नाही ते कोठून आणणार?

शांबेरीच्या चौकात 1838 मध्ये द ब्वान्यच्या स्मरणार्थ उभारलेले कारंजे आहे. स्तंभावर काउंटचा पुतळा आणि खाली चार दिशांना तोंडे केलेले चार हत्ती. या हत्तींचा फक्त पुढचा भाग घडवलेला आहे. मागचा भाग स्तंभात गडप झाला आहे. गावकरी त्यांना थट्टेने 'मागचा भाग नसलेले चौघे' म्हणतात. हिंदुस्थानातून आलेले एवढेच त्या गावाला दिसते. सोंडा, दात, पुढचे पाय. त्या घराण्याच्या आडनावाचेही तसेच आहे. पुढून पाहिले तर काउंट, कॉन्टेस, प्रूस्त. मागे वळून पाहायचे तर दगडात शिरावे लागते, आणि तेथे एक फरचा व्यापारी, एक विस्मृत एकाक्ष पूर्वज आणि हॉर्शमच्या दफनभूमीतली एक हिंदुस्थानी स्त्री उभी असते.